हुकुमाने चालणाऱ्या कथा

बदलीच्या नोकरीत गावांची नावे लवकर पाठ होतात. त्यांचे अर्थ मात्र सावकाश कळतात. डमडम हे नाव आम्ही प्रथम वाचले ते बंदुकीच्या गोळीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात तयार झालेली गोळी शरीरात शिरल्यावर पसरे. अशा गोळ्यांना १८९९ च्या हेग परिषदेने मनाई केली. पुढे येथेच ग्रामोफोन कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि कुत्र्याच्या छापाच्या ज्या तबकड्या आमच्या वडिलांच्या पिढीने जिवापाड जपल्या त्यांपैकी कितीतरी या गावच्या होत्या. गावाचे नाव मात्र या दोहोंहून जुने. तोफा चढविण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा तो 'दमदमा', हे बखरी वाचणाऱ्यांस सांगावयास नको. त्यावरूनच डमडम झाले असे म्हणतात. एका शब्दाच्या पोटात असा एक आख्खा प्रदेश दडलेला असतो. ज्या खेळाचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत तो सर्वस्वी अशा शब्दांवरच उभा आहे.

पूजेच्या दिवसांत येथली सरकारी वसाहत ओस पडते. ज्यांना रजा मिळते ते गावी जातात. ज्यांना मिळत नाही ते आमच्यासारखे विमानांची घरघर ऐकत बसतात. अशाच एका सुट्टीत आमच्या भाच्याने आम्हांस संगणकापुढे बसविले. पडद्यावर चित्र नव्हते, आवाज नव्हता. नुसता मजकूर होता. आपण कोठे उभे आहोत, कोणत्या दिशेस वाट आहे, समोर काय पडले आहे, एवढे सांगून यंत्र थांबले होते. पुढे काय करावयाचे ते वाचकाने लिहून सांगावयाचे: दार उघड, दिवा घे, उत्तरेस जा. यंत्र ती आज्ञा पाळते आणि पुढचा परिच्छेद दाखविते, किंवा आज्ञा आपणांस समजली नाही असे नम्रपणे कळविते. ज्यांचे आयुष्य लेखी हुकूम देण्यात गेले आहे त्यांना हे दुसरे उत्तर प्रथम फार लागते. हळूहळू ध्यानात येते की यंत्र बहुधा बरोबर असते. हुकूमच मोघम असतो.

या कथाप्रकाराचा उगम एका खऱ्या गुहेत आहे. अमेरिकेतील केंटकी संस्थानात मॅमथ केव्ह नावाची विस्तीर्ण गुहा आहे. विल क्राउदर आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया ही दोघेही गुहाशोधक होती आणि तेथील मोजणीच्या कामात भाग घेत. ९ सप्टेंबर १९७२ रोजी ज्या तुकडीने ही गुहा आणि शेजारची फ्लिंट रिज गुहा एकमेकींस जोडलेल्या असल्याचे सिद्ध केले तीत पॅट्रिशिया होती. क्राउदर पेशाने प्रोग्रॅमर. आजच्या आंतरजालाचा पूर्वज जे अर्पानेट, त्याच्या उभारणीत त्याने काम केले होते. पुढे दोघांचा संसार मोडला. मुली दुरावल्या तेव्हा, १९७५-७६ च्या सुमारास, त्याने त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला. त्यात ती गुहाच होती, दालनामागून दालन, शब्दांत उतरविलेली. खेळणाऱ्याने दोन शब्दांची आज्ञा द्यावी आणि गुहेत उतरावे. पुढे स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्सच्या हाती तो खेळ लागला. त्याने क्राउदरची परवानगी घेऊन त्यात जादू, खजिना आणि ३५० गुणांची मोजणी घातली, आणि १९७७ साली हा 'अ‍ॅडव्हेंचर' विद्यापीठांतून वाऱ्यासारखा पसरला.

एका बापाने दुरावलेल्या मुलींना आपल्या पायाखालची जागा शब्दांनी दाखविली, हे या प्रकाराचे बीज होय. बदलीवर असलेल्या वाचकांस त्याचा अर्थ फोडून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर व्यापार आला. एम. आय. टी. मधील चार तरुणांनी 'झॉर्क' नावाचा मोठा खेळ रचला. त्याला दोन शब्दांऐवजी पुरी वाक्ये कळत. १९७९ साली त्याच वर्तुळातून 'इन्फोकॉम' ही कंपनी निघाली. भिन्न भिन्न बनावटीच्या संगणकांवर एकच कथा चालावी म्हणून तिने 'झेड-मशीन' नावाचे एक काल्पनिक यंत्र योजिले. प्रत्येक संगणकाला फक्त त्या यंत्राचे सोंग वठविता आले की झाले! काही वर्षे या कथा पुस्तकांसारख्या विकल्या गेल्या. मग कंपनीने कचेऱ्यांच्या नोंदी ठेवणारा 'कॉर्नरस्टोन' नावाचा प्रोग्रॅम काढला आणि त्यात ती बुडत गेली. कथांनी तारलेली संस्था दप्तराने बुडाली, हे आम्हां दप्तरी लोकांस काहीसे वर्मी लागते. १९८६ त ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि १९८९ त तिचे काम बंद पडले. तोवर चित्रांचे खेळ आले होते. नुसत्या शब्दांना बाजारात गिऱ्हाईक उरले नाही.

येथे हा इतिहास संपावयास हवा होता. तो संपला नाही याचे श्रेय हौशी मंडळींस आहे. इंग्लंडमधील ग्रॅहम नेल्सन या गणितज्ञाने १९९३ त 'इन्फॉर्म' ही भाषा तयार करून विनामूल्य दिली. तिच्यात लिहिलेली कथा त्या जुन्या झेड-मशीनवर चाले. कंपनी गेली तरी तिचे काल्पनिक यंत्र उरले. १९९५ साली केव्हिन विल्सन याने अशा कथांची वार्षिक स्पर्धा आरंभिली. पहिल्या वर्षी बारा कथा आल्या. नियम साधे आहेत: कथा पूर्वी प्रसिद्ध झालेली नसावी आणि परीक्षकाने फार तर दोन तास खेळून एक ते दहांपैकी गुण द्यावेत. परीक्षक कोण? जो खेळेल तो. ही स्पर्धा अद्यापि दरवर्षी भरते, आणि २०२० साली तर शंभरावर कथा आल्या. तिचा हंगाम पुष्कळ वर्षे ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असे, म्हणजे जवळजवळ आपल्या दिवाळी अंकांचा!

आम्ही मागील वर्षांच्या गाजलेल्या कथाही खेळलो. पहिल्या वर्षी दोन विभाग होते. एकात अँड्र्यू प्लॉटकिनची 'अ चेंज इन द वेदर' पहिली आली. ही कथा पावसाची आहे आणि ती आम्हांस फार कठीण गेली. वेळीच जे केले नाही ते पुढे करता येत नाही, आणि चूक कोठे झाली हे बुडाल्यावर कळते. दुसऱ्या विभागात मॅग्नस ओल्सनची 'अंकल झेब्युलॉन्स विल' पहिली आली. काका वारले आहेत, नातलगांनी घर धुऊन नेले आहे आणि मृत्युपत्राप्रमाणे तुम्हांस त्या घरातील एकच वस्तू नेण्याचा अधिकार आहे. कथेत पुढे जादू आहे. आम्ही मात्र त्या रिकाम्या घरातच बराच वेळ रेंगाळलो. दर बदलीला ट्रंक भरताना आम्ही दुसरे काय करीत आलो?

तिसरी कथा १९९८ ची विजेती, अ‍ॅडम केड्रची 'फोटोपिया'. तीत कोडी जवळजवळ नाहीत. एका मुलीचे आयुष्य तिच्या भोवतालच्या निरनिराळ्या माणसांच्या डोळ्यांनी, मागेपुढे करीत, आपणांस दिसते. पुढे काय घडणार हे उमजू लागते तसतसे आपण ते टाळण्यासाठी आज्ञा लिहू लागतो. परंतु शेवट बदलत नाही. हुकूम करणाऱ्याचे हात किती तोकडे असतात हे आम्हांस कोणत्याही कादंबरीने असे पटविले नव्हते, कारण कादंबरीत आपण नुसते पाहत असतो.

या स्पर्धेत एक गमतीचे पारितोषिकही आहे. ज्या कथेच्या गुणांत सर्वांत अधिक प्रमाण विचलन असेल, म्हणजे जिला काहींनी डोक्यावर घेतले आणि काहींनी आपटले, तिला कलहाचे सोनेरी केळे मिळते. येथून जवळच बरानगर येथे महालनोबिसांनी १९३१ साली स्थापिलेली सांख्यिकी संस्था आहे, आणि देशातला पहिला अंकीय संगणक तेथेच १९५६ च्या सुमारास चालू झाला. विचलनाचे शास्त्र ज्या परिसरात वाढले तेथे बसून हे केळे कोणास जाईल याचा तर्क करण्यात आमची एक संध्याकाळ मजेत गेली. कलेत सरासरीपेक्षा मतभेद अधिक बोलका असतो, हे या हौशी लोकांनी ओळखले आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. मुंबई राज्यात १९५४ साली सुरू झालेल्या नाट्यस्पर्धेने हौशी रंगभूमीस केवढे बळ दिले! परप्रांतीची आपली मंडळे, त्यांची गणेशोत्सवातील नाटके, हा असला अंक, हे सारे हौसेवरच चालते. बाजार ज्याला टाकून देतो त्याला हौस सांभाळते. आणि परमुलखात तर मराठी भाषा स्वतःच बव्हंशी हौसेची बाब होऊन बसते.

मग असा खेळ मराठीत का नसावा? इन्फॉर्मला स्पॅनिश, इटालियन, जर्मन, फ्रेंच भाषा शिकविल्या गेल्या आहेत. मराठीची अडचण निराळी आहे. इंग्रजीत क्रियापद आधी येते. आपण 'किल्लीने पेटी उघड' म्हणतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत नाम जसेच्या तसे राहते; आपल्याकडे कंदील 'कंदिलात' होतो, विहीर 'विहिरीत' होते, आणि यंत्राला ती एकच वस्तू म्हणून ओळखावी लागते. शिवाय यंत्राला 'उघड' म्हणावयाचे की 'उघडा'? आणि त्याने आपणांस तू म्हणावे की तुम्ही? इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही. अडचणी खऱ्या आहेत. त्या सुटण्याजोग्याही आहेत.

भाच्याच्या साहाय्याने आम्ही एक लहानसा प्रयत्न आरंभिला. विषय ठरविला कोकणातील आमच्या आजोळच्या घराचा. पहिलेच वाक्य लिहिले: तुम्ही ओसरीवर उभे आहात. आणि तेथेच अडलो. माजघराचे दार कोणत्या दिशेस? विहीर परसात खरी, पण पूर्वेस की उत्तरेस? ज्या घरात बालपणीच्या साऱ्या सुट्ट्या काढल्या त्याच्या दिशा आम्हांस सांगता येईनात. घर आता उरलेले नाही. शेवटी रत्नागिरीस मामीला फोन केला. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "अरे, तुळस पूर्वेस, म्हणजे विहीर तुझ्या डाव्या हाताला. आणि कोठीची पायरी विसरू नकोस, तिथं सगळे ठेचकाळायचे."

ती पायरी आम्ही घातली आहे. कथा पुरी होण्यास अवकाश आहे. परंतु 'उत्तरेस जा' अशी आज्ञा दिली की माजघर येते, एवढे झाले आहे.