यंत्र, नोंद आणि स्मरण : सेंट ऑल्बन्स येथील सिग्नल केबिन

इतिहासाच्या साधनांमध्ये कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांना जे स्थान सहज प्राप्त होते, ते यंत्रांना क्वचितच लाभते. निरुपयोगी झालेले यंत्र बहुधा भंगारात जाते. जतन झालेच तर संग्रहालयातील निश्चल वस्तू म्हणून. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स येथे स्वयंसेवकांनी पुनरुज्जीवित केलेली सिग्नल केबिन या संदर्भात विचारार्ह ठरते.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत मिडलंड रेल्वेने ही लाकडी केबिन १८९२ मध्ये उभारली. तिच्यात ४४ लिव्हरची रांग आहे. तत्पूर्वी तीनच वर्षे, १२ जून १८८९ रोजी, आयर्लंडमधील आर्मा येथे चढावावर सुटे केलेले डबे उतारावरून मागे घसरून पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले होते. या अपघातात सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षीच्या कायद्याने उतारू गाड्यांच्या मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या करण्याचा अधिकार शासनाला मिळाला : एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, सर्व डब्यांना लागू होणारे ब्रेक, आणि सांधे व सिग्नल यांचे इंटरलॉकिंग.

जॉन सॅक्स्बी याने १८५६ मध्ये पेटंट घेतलेल्या योजनेपासून विकसित झालेल्या या इंटरलॉकिंगचे तत्त्व साधे आहे. एक लिव्हर ओढला की त्याच्याशी विसंगत असणारे इतर लिव्हर लोखंडी अडसरांनी जखडले जातात. सांधा योग्य दिशेस बसल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल पडतच नाही. अर्थात, सुरक्षिततेचा नियम येथे कागदावर लिहिलेला नसून लोखंडात घडवलेला आहे.

वेस्ट हॅम्पस्टेड येथील नव्या नियंत्रण केंद्राकडे काम गेल्यावर १९७९ मध्ये ही केबिन बंद झाली. वारसा-वास्तूंच्या सूचीमुळे ती पाडली गेली नाही. तथापि दुरवस्थेपासून सूची तिला वाचवू शकली नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाच्या स्वयंसेवकांनी तिची डागडुजी केली आणि २००८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. शेजारून आजही गाड्या धावतात. परंतु त्यांच्या सिग्नलशी या लिव्हरचा काही संबंध उरलेला नाही. अशा स्थितीत नेमके कशाचे जतन झाले, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर शोधताना स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथील २२ मे १९१५ च्या दुर्घटनेचे स्मरण करणे आवश्यक आहे. तेथेही इंटरलॉकिंग होते. कामावर उशिरा येणारा सिग्नलमन ज्या स्थानिक गाडीने आला, तीच गाडी केबिनसमोर मुख्य रुळावर उभी होती. आणि तिचाच त्याला विसर पडला. त्या मार्गाचा सिग्नल चुकून पाडला जाऊ नये यासाठी लिव्हरवर कडी अडकवण्याचा नियम होता. तो पाळला गेला नव्हता. सैनिकांची गाडी उभ्या गाडीवर आदळली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उशीर झाकण्यासाठी आधीच्या सिग्नलमनने पहाटेच्या नोंदी सुट्या कागदावर केल्या होत्या आणि उशिरा आलेला आपल्या हस्ताक्षरात त्या नोंदवहीत उतरवीत होता.

या घटनेतील बोध दुहेरी आहे. केवळ नोंदवही वाचणाऱ्या अभ्यासकाला पाळी वेळेवर बदलली असे वाटले असते. केवळ यंत्र पाहणाऱ्याला तेथे अपघात अशक्य वाटला असता. विसंगत हालचाली रोखणे एवढेच त्या यंत्राचे सामर्थ्य होते. समोर गाडी उभी आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. ते ज्ञान माणसाच्या स्मरणात होते आणि त्या स्मरणाला आधार म्हणून घंटेचे ठोके, नोंदवही व कडी यांची योजना होती.

म्हणून केबिनचे जतन म्हणजे तिच्या भिंती व लिव्हर यांचेच जतन नव्हे. सेंट ऑल्बन्स येथे अभ्यागताला लिव्हर ओढून पाहता येतो. तो ओढताना लागणारा जोर आणि जखडलेल्या लिव्हरचा नकार हाताला कळतो. कोणत्याही आराखड्यावरून तो इतक्या स्पष्टपणे कळत नाही. मात्र गाडी नसलेल्या केबिनमध्ये विसरण्याचे भय अनुभवता येत नाही. ते समजून घ्यायचे तर तिथे काम केलेल्या माणसांच्या आठवणींचीही वेळीच नोंद व्हावी लागते. लाकूड पुन्हा रंगवता येते आणि तार पुन्हा ताणता येते. परंतु त्या आठवणी एकदा हरवल्या की कोणत्याही स्वयंसेवकाला त्या पुन्हा घडवता येणार नाहीत.