गावभर फिरलेलं वचन

सकाळी उठून बायबलमधलं एक वचन वाचायचं, त्यावर घटकाभर मनन करायचं आणि मग कामाला लागायचं, ही रीत ख्रिस्ती घरांत इतकी मुरली आहे की ती आपल्याला अगदी खाजगी वाटते. देव आणि मी, तिसरं कुणी नाही. पण या रीतीच्या एका मोठ्या शाखेचं मूळ शोधत गेलो, तर आपण जर्मनीतल्या एका छोट्या वस्तीत पोचतो, आणि तिथे हे वचन सगळ्या गावाचं होतं.

सॅक्सनीतल्या या वस्तीचं नाव हर्नहुट. श्रद्धेपायी छळ सोसून मोराव्हियातून पळून आलेल्या कुटुंबांना १७२२ साली काउंट झिंझेनडॉर्फ याच्या जमिनीवर आसरा मिळाला. पाठोपाठ इतर पंथांची माणसंही आली आणि लवकरच वस्तीत भांडणं सुरू झाली. झिंझेनडॉर्फने दारोदार जाऊन समजूत घातली, एकत्र राहण्याचे नियम ठरवून दिले. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये सगळे प्रभुभोजनाला एकत्र आले आणि मनं जुळली. जुळलेली मनं रोज जुळलेली राहावीत कशी, हा प्रश्न मात्र उरला.

३ मे १७२८ च्या संध्याकाळी, गीतांच्या सभेत, झिंझेनडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी मंडळीला एक बोधवाक्य दिलं. ख्रिस्ताच्या प्रेमावरच्या एका गीताच्या त्या ओळी होत्या. पुढे त्या जागी बायबलची वचनं येऊ लागली. हर्नहुटमध्ये तेव्हा ३२ घरं होती. रोज कुणीतरी एक जण ते वचन घेऊन घरोघर जाई. वचन सांगायचं, घरात कोण कसं आहे याची विचारपूस करायची आणि पुढच्या दाराशी जायचं. आजाऱ्याच्या खाटेपाशी, सुताराच्या कामापाशी, चुलीपाशी तेच एक वाक्य पोचायचं. दिवसभर सगळा गाव त्याच्यावर विचार करायचा.

१७३१ साठी वर्षभराची वचनं छापून निघाली. जर्मनीत या पुस्तिकेला ‘लोझुंगेन’ म्हणतात. तेव्हापासून ती दरवर्षी निघते आहे. छापायची गरजही लवकरच पटली. १७३२ मध्ये हर्नहुटहून लेओनहार्ड डोबर हा कुंभार आणि डाव्हिड निच्मान हा सुतार कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटाकडे, तिथल्या गुलामांना सुवार्ता सांगायला निघाले. दुसऱ्याच वर्षी काही जण ग्रीनलंडला गेले. इतक्या लांब निरोप्या कसा पोचणार? पुस्तिका पोचली. पुढे बर्फातला आणि उसाच्या मळ्यातला माणूस एकाच दिवशी एकच वचन वाचू लागला.

वचन निवडायची तऱ्हाही लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या करारातली सुमारे १,८०० वचनं क्रमांक घालून ठेवलेली असतात. हर्नहुटमध्ये वर्षातून एकदा प्रार्थना करून, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक चिठ्ठी काढली जाते. अनेक भाषांत भाषांतर व्हायचं असल्याने हे काम तीन वर्षं आधी होतं. मग त्या वचनाला साजेसं नव्या करारातलं दुसरं वचन शोधून जोडतात आणि सोबत एखादी प्रार्थना किंवा गीताचं कडवं देतात. म्हणजे पहिलं वचन चिठ्ठीने येतं आणि दुसरं माणसाने विचार करून शोधलेलं असतं. मननाचा पहिला धडा इथेच मिळतो: समोर आलेलं वचन आधी स्वीकारायचं, मग त्याचं उत्तर शोधायचं.

मला या रीतीचा गाभा यातच दिसतो. आपण स्वतः बायबल उघडलं की हात आवडत्या पानांकडे वळतो. दुःखात स्तोत्रसंहिता तेवीस, भीतीत एक्क्याण्णव. त्यात गैर काहीच नाही. पण फक्त तेवढंच वाचलं, तर आपण आपल्याच मनाचं ऐकत राहतो. न निवडलेलं वचन कधी बोचतं, कधी जे सोडायचं ठरवलं होतं तेच काम पुन्हा हाती देतं.

दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाच्या शेवटच्या दिवसांत हे फार जवळून दिसतं. हिटलरविरोधी कटात सहभागी असलेला बोनहोफर तुरुंगातही हीच वचनं वाचत होता. २० जुलै १९४४ चा कट फसला. दुसऱ्याच दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात कालच्या आणि आजच्या वचनांनी दिलेल्या आनंदाचा उल्लेख केला. ८ एप्रिल १९४५ हा ईस्टरनंतरचा रविवार. बव्हेरियातल्या शोनबर्ग गावी एका शाळेत कैद्यांना ठेवलं होतं. सोबत्यांच्या आग्रहावरून त्याने छोटी उपासना घेतली आणि त्या दिवसाच्या दोन पाठांवर बोलला: एक यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला, दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या जखमांविषयीचा, दुसरा पेत्राच्या पहिल्या पत्रातला, जिवंत आशेविषयीचा. उपासना संपते न संपते तोच त्याला न्यायला माणसं आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं गेलं. त्या रविवारसाठी जखमा आणि आशा त्याने शोधून काढलेल्या नव्हत्या. तो दिवस त्या पाठांसह त्याच्यापुढे आला, आणि त्याने ते एकट्यापुरते न ठेवता सोबतच्या कैद्यांसमोर उलगडले.

आज आपल्याकडे ‘आजचं वचन’ भल्या सकाळी मोबाइलवर येतं. आपण ते वाचतो, हात जोडल्याचं चिन्ह टाकतो, पुढे पाठवतो. वचन घरोघर पोचतं खरं, पण हर्नहुटचा निरोप्या दाराशी थांबून जे विचारायचा, ते विचारायचं राहून जातं. मला वाटतं, मनन पुरं व्हायला तेवढंच हवं आहे. वचन वाचावं, ते आपल्याला कुठे लागतं ते प्रामाणिकपणे पाहावं, आणि त्याच दिवशी एका माणसाला फोन करून किंवा भेटून विचारावं, “कसे आहात? आजच्या वचनाने तुम्हाला काय दिलं?” ही रीत एकमेकांशी भांडलेल्या माणसांना एकत्र ठेवण्यासाठी जन्माला आली. आपल्या घरांना आणि मंडळ्यांना आजही तिची गरज त्याच कामासाठी आहे.