सहीतले आईचे नाव

क्रांतिकाळातल्या फ्रेंच सेनापतींचे हुकूम वाचताना मी मजकुराआधी सही पाहतो. जनरल अलेक्झांडर ड्यूमा यांच्या बाबतीत ती सहीच इतिहास सांगते.

१७६२ साली कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत त्यांचा जन्म झाला. वडील सरदार घराण्यातले, आई मारी-सेसेत ड्यूमा गुलाम. १७८६ साली साधा शिपाई म्हणून भरती होताना त्यांनी वडिलांचे नव्हे, आईचे आडनाव लावले. १७९३ अखेरीस आल्प्सच्या सैन्याची सूत्रे त्यांच्याकडे आली; प्रजासत्ताकाच्या लष्करी हुकुमांखाली एका गुलाम स्त्रीचे नाव उमटू लागले.

पुढच्याच वर्षी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. १८०२ साली नेपोलियनने तिला पुन्हा कायद्याचा आधार दिला. त्याच वर्षी जनरलना मुलगा झाला. ‘थ्री मस्केटिअर्स’वर लेखक म्हणून त्याने लावलेले आडनाव तेच, आजीचे.