आज्ञेपलीकडची निष्ठा : सत्यजित राय यांचे यंत्रमानव आणि बंगाली कथेतील जुना नोकर

यंत्रमानव साहित्यात अवतरला तो बंडखोर म्हणून. कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले, १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले, आणि त्यातील 'रोबो' हा शब्द काही वर्षांतच जगातील बहुतेक भाषांत रुळला. चापेक यांना तो त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला होता. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम, म्हणजे आपल्याकडील वेठ. हॅब्सबर्ग राज्यातील ही वेठ १८४८ मध्ये संपुष्टात आली. शब्द मात्र लोकस्मृतीत राहिला. तेव्हा यंत्रमानव ही विज्ञानाने साहित्याला दिलेली देणगी आहे असे जे सरसकट मानले जाते ते अर्धेच खरे आहे. कल्पना जन्माला आली ती श्रमसंबंधाच्या इतिहासातून. चापेक यांचे रोबो तर धातूचेही नव्हते. ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले वेठबिगार होते, आणि वेठबिगारांनी जे करावे तेच त्यांनी केले.

मग साहसकथांमधून सर्वत्र दिसणारा इमानी यंत्रमानव कोठून आला? धन्याबरोबर परग्रहावर जाणारा, संकटात ढालीसारखा पुढे होणारा, प्रसंगी स्वतः मोडणारा हा सोबती चापेक यांच्या नाटकाला सर्वस्वी परका आहे. त्याची परंपरा घडवण्यात आयझॅक अ‍ॅसिमोव्ह यांचा वाटा मोठा. १९४० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'रॉबी' या त्यांच्या कथेतील यंत्रमानव ग्लोरिया नावाच्या मुलीचा सांभाळ करतो, आणि ती धावत्या यंत्राखाली सापडणार त्या क्षणी माणसांना सुचण्यापूर्वी तिला उचलतो. १९४२ च्या 'रनअराउंड' या कथेत यंत्रमानवाचे तीन नियम प्रथमच स्पष्ट शब्दांत आले : माणसाला इजा करू नये वा होऊ देऊ नये, त्याची आज्ञा पाळावी, आणि या दोहोंना बाध न येईल इतपत स्वतःला जपावे. या नियमांनी बंडाची शक्यता घडणीतच काढून टाकली. परंतु त्याबरोबर निष्ठेचा प्रश्नही अवघड होऊन बसला. ज्याला विश्वासघात करताच येत नाही त्याला विश्वासू का म्हणावे? 'रॉबी'तील वडील या यंत्राची भलावण करतात ती त्याला प्रेमळ असण्यावाचून गत्यंतर नाही याच आधारावर. घरात आणलेल्या दाईबद्दल कोणी असे म्हटले असते तर ते स्तुतीचे वाक्य ठरले नसते. पुढील चार दशके अ‍ॅसिमोव्ह या कोड्याशी झुंजत राहिले. 'रोबोज अँड एम्पायर' (१९८५) या कादंबरीत तीन नियमांच्या आधी एक शून्यावा नियम घालावा लागणे हे त्या झुंजीचेच गमक होय.

या दोन टोकांच्या, म्हणजे बंड आणि कायदेबद्ध आज्ञापालन यांच्या, मध्ये तिसरी एक वाट बंगाली साहित्यात निघाली. ती काढणाऱ्या लेखकाकडे चित्रपटकार म्हणून सतत पाहिले गेल्यामुळे तिच्याकडे व्हावे तसे लक्ष गेले नाही. 'संदेश' हे मुलांचे मासिक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ मध्ये सुरू केले. त्यांचे पुत्र सुकुमार राय यांनी ते चालवले, आणि दीर्घ खंडानंतर १९६१ मध्ये सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. त्याच वर्षी त्यात 'व्योमयात्रीर डायरी' ही प्रोफेसर शंकूची पहिली कथा क्रमशः आली. गागारीनने एप्रिल १९६१ मध्ये अंतराळप्रवास केला होता, हे खरे. परंतु कथेचे खरे पूर्वसूत्र घरातलेच आहे : सुकुमार राय यांची 'हेशोराम हुशियारेर डायरी' ही कॉनन डॉइल यांच्या प्रोफेसर चॅलेंजरची थट्टा करणारी रचना. शंकूच्या रूपात ही थट्टा आणि गंभीर साहस यांचे एक चमत्कारिक मिश्रण तयार झाले.

मराठी वाचकाला या मिश्रणाची चव घेणे थोडे अवघड जाते. १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. तिच्या यशानंतर मराठी विज्ञानकथेची जी चर्चा वाढली ती प्रामुख्याने कथेतील विज्ञान किती खरे आणि ते कथेच्या गाभ्याशी किती एकजीव, या कसोटीवर झाली. कसोटी चुकीची नाही. विज्ञानप्रसार हा नारळीकरांचा जाहीर हेतू होता आणि त्यांच्या कथांना ती लागूही पडते. परंतु हीच पट्टी शंकूला लावली तर पहिल्याच पानावर तो बाद होतो. त्याची रसायने कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणारी नाहीत, त्याचे अग्निबाण कसे चालते हे कळण्याची सोय नाही. आणि त्याच्याबरोबर विधुशेखरही बाद होतो, जे वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मोठे नुकसान आहे.

विधुशेखर हा शंकूने गिरिडीहच्या आपल्या घरी बनवलेला यंत्रमानव. मंगळाच्या मोहिमेत चौघे जण आहेत : शंकू, न्यूटन नावाचे मांजर, प्रल्हाद हा नोकर आणि विधुशेखर. विधुशेखरला स्वतंत्र विचार करण्याची शक्ती दिलेली नाही, सांगितलेले काम करणे एवढीच त्याची योजना. प्रत्यक्षात मात्र त्याचे पहिले लक्षणीय कृत्य नकाराचे आहे. शंकू अग्निबाणाच्या धातूसाठी एक मिश्रण करू पाहतो आणि विधुशेखर आवाज करीत जोरजोराने मान हलवू लागतो. दुसरा पदार्थ पुढे केल्यावर तीच मान होकारार्थी हलते. नाकारलेले मिश्रण शंकू नंतर थोड्या प्रमाणात करून पाहतो, तेव्हा स्फोट होतो. आपण घडवलेली वस्तू अनेकदा आपल्या हिशेबापेक्षा अधिक काही करून जाते, अशी कबुली हा वैज्ञानिक डायरीत देतो. हा 'हिशेबापेक्षा अधिक' भाग हाच राय यांच्या यंत्रमानव-कल्पनेचा मर्मबिंदू होय. अ‍ॅसिमोव्ह यांच्याकडे निष्ठा ही घडणीत बसवलेली असते. येथे ती घडणीतून ओसंडलेली आहे.

मंगळावर हेच अधिक तीव्रतेने घडते. संकटाची चाहूल विधुशेखरला सर्वांआधी लागते. तुटक, अस्फुट उच्चारांत तो इशारा देऊ पाहतो. मंगळवासी चाल करून येतात तेव्हा तो एकटा त्यांना सामोरा जातो, आणि धनी माघारी बोलावत असतानाही मागे फिरत नाही. शेवटी शंकूला त्याचे बटण दाबून त्याला निश्चल करावे लागते आणि अग्निबाणात ओढून न्यावे लागते. धन्याला वाचवण्यासाठी धन्याची आज्ञा मोडणे आणि त्याबद्दल धन्याकडूनच बंद केले जाणे, हा प्रसंग कथेत विनोदाच्या अंगाने सांगितला आहे. मुलांच्या मासिकात तो तसाच सांगितला जाणार. पण मराठीत 'इमानी' हे विशेषण नोकराला आणि कुत्र्याला सारख्याच सहजतेने लावले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विनोदाखाली काय दडले आहे याची कल्पना यावी.

परतीच्या प्रयत्नात अग्निबाण भरकटतो आणि विधुशेखर एकाएकी स्पष्ट बोलू लागतो. तो बोलतो ती साधुभाषा : संस्कृतप्रचुर, ग्रांथिक बंगाली. शंकूची डायरी बोलीला जवळ असणाऱ्या चलितभाषेत आहे. १९६१ पर्यंत नव्या ललित लेखनातून साधुभाषा बव्हंशी मागे पडली होती. यंत्रमानवाच्या तोंडी धन्यापेक्षा भारदस्त भाषा येते ही गंमत बंगाली वाचकाला तत्काळ कळते. मराठीत असे दोन घट्ट भाषास्तर नसल्यामुळे अनुवादकाला येथे चिपळूणकरी वळणाची मराठी वापरण्यावाचून फारसा उपाय नाही. त्याहून महत्त्वाचा आहे शंकूने या भाषेच्या उगमाविषयी केलेला तर्क. प्रवासात प्रल्हाद रामायण-महाभारत वाचत असतो, विधुशेखर ते ऐकत असतो. त्याचाच हा परिणाम असावा. म्हणजे यंत्रमानवाला शरीर वैज्ञानिकाने दिले, वाणी मात्र नोकराने दिली! या एका तपशिलाने कथेतील चौघांची उतरंड क्षणभर उलटी होते. शंकू त्यावर थांबत नाही. त्याला ते केवळ नवलाचे वाटते.

प्रल्हादाकडे पाहण्याची शंकूची दृष्टी तर उघडच उणी आहे. त्याच्या मते प्रल्हाद बुद्धीने मंद आहे आणि म्हणूनच धीट : भिण्याचे कारण शोधून काढायलाच अशा माणसांना वेळ लागतो. प्रयोगशाळेत अ‍ॅसिड सांडून स्फोटाची वेळ येते, शंकू भयाने खिळून राहतो आणि प्रल्हाद येऊन शांतपणे ते पुसून टाकतो. याची नोंदही त्याच्या मंदपणाचा पुरावा म्हणून होते. घर वाचवणाऱ्याचे श्रेय त्याच्या अज्ञानाच्या खात्यावर जमा होते. येथे निवेदकाची दृष्टी हीच लेखकाची दृष्टी आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण डायरीच्या रूपात लिहिलेल्या या कथेत शंकूचा अहंकार हा थट्टेचा विषय आहेच. तरीही राय यांनी या ठिकाणी प्रश्न टाळला आहे, असे म्हणणे प्राप्त आहे. जे शौर्य विधुशेखरच्या बाबतीत गूढ ठरते तेच प्रल्हादाच्या बाबतीत हास्यास्पद ठरते.

हा प्रल्हाद एकटा नाही. बंगाली साहित्यातील इमानी नोकराची परंपरा रवींद्रनाथांनी घडवली. १८९१ च्या 'खोकाबाबूर प्रत्यावर्तन' या कथेतील रायचरण धन्याचे मूल हातून नदीत गेल्याच्या अपराधापोटी स्वतःचा मुलगा धन्याला देऊन टाकतो. 'पुरातन भृत्य' या कवितेतील केष्टा हा बावळट, घरात काही हरवले की ज्याच्यावर आळ यावा असा. परगावी धन्याला देवी येतात तेव्हा तोच शुश्रूषा करतो आणि त्याच रोगाने मरतो. दोन्हीकडे एक अट समान आहे : नोकराची थोरवी धन्याला कळते ती नोकराने सर्वस्व गमावल्यावर. भद्रलोक कुटुंबाने आपल्या घरातील श्रमिकाशी असलेले नाते याच भावुक आकृतिबंधात साठवून ठेवले. विधुशेखर हा त्या आकृतिबंधाचा वारस आहे, एका सोयीसह. तो मोडला तर दुरुस्त करता येतो, त्यामुळे त्याच्या बलिदानाचा भार धन्याच्या मनावर राहत नाही. बालसाहित्यावर हे ओझे कशाला, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु भद्रलोक मुले घरातील नोकराशी कसे वागावे हे ज्या वयात शिकत, त्याच वयात 'संदेश' वाचत.

१९६८ च्या 'प्रोफेसर शंकू ओ रोबू' मध्ये निष्ठेचा आलेख अधिक सरळ आहे, आणि म्हणून कथा अधिक रंजक असूनही विचाराच्या दृष्टीने उणी. रोबूच्या निर्मितीचा खर्च ३३३ रुपये आणि काही आणे. दशमान नाणी १९५७ मध्येच आली असताना हिशेब आण्यांतच! जर्मनीत बोर्गेल्ट या वैज्ञानिकाचा मुखवटा धारण केलेला यंत्रमानव शंकूच्या जिवावर उठतो आणि रोबू वेळेवर येऊन त्याला नष्ट करतो. तेथे रोबूला धन्याचे संकट दुरून कळावे अशी व्यवस्था पामेर या दुसऱ्या वैज्ञानिकाने केलेली असते. विधुशेखरची पूर्वसूचना अकारण होती. रोबूचीला स्पष्टीकरण मिळाले, आणि तिच्यातील गूढ गेले.

प्रश्न पुन्हा पूर्ण ताकदीने उभा राहतो तो शंकूच्या जगाबाहेर, 'अनुकूल' या कथेत. येथे साहस नाही, परग्रह नाही. कलकत्त्यातील निकुंजबाबू एका कंपनीकडून घरकामाला यंत्रमानव भाड्याने आणतात. कंपनीची अट अशी की, अनुकूलला 'तुइ' म्हणावयाचे नाही, 'तुमि' म्हणावयाचे. बंगालीत 'आपनि', 'तुमि', 'तुइ' अशी तीन संबोधने आहेत आणि घरातल्या नोकराला तिसरे लावण्याचा प्रघात. मराठीत 'अरे-तुरे करणे' या वाक्प्रचाराने जे सांगितले जाते ते तेथे सर्वनामातच रोवलेले आहे. दुसरी अट मारहाणीबाबत : अंगावर हात टाकल्यास अनुकूल विजेच्या धक्क्याने प्रतिकार करील. रायचरण आणि केष्टा यांच्या परंपरेत ही अट अश्रुतपूर्व आहे. जे नोकराला कधी मिळाले नाही ते, म्हणजे सन्मानाचे सर्वनाम आणि प्रतिकाराचा हक्क, यंत्राला लेखी करारात मिळाले.

पुढे निकुंजबाबूंची आर्थिक स्थिती खालावते, अनुकूलचे भाडे परवडेनासे होते. घरी आलेले श्रीमंत काका रागाच्या भरात अनुकूलवर हात उचलतात आणि विजेच्या धक्क्याने मरतात. त्यांची संपत्ती निकुंजबाबूंना मिळते, म्हणजे अनुकूलला ठेवून घेण्याची सोय होते. ही करारातील अटीची अंमलबजावणी, की धन्याची अडचण ओळखून केलेली सेवा? पहिला अन्वय घेतला तर अनुकूल हा हक्क बजावणारा कामगार ठरतो. दुसरा घेतला तर तो विधुशेखरचा वंशज, धन्याच्या हितासाठी आज्ञेची वाट न पाहणारा, आणि मग त्याची निष्ठा भयंकर आहे. राय यांचे गद्य येथे कमालीचे कोरडे आहे आणि अनुकूलच्या अंतरंगात ते एकदाही शिरत नाही. २०१७ मध्ये सुजय घोष यांनी या कथेवर हिंदी लघुपट केला. त्यात अनुकूल भगवद्गीता वाचतो आणि यंत्रमानवांमुळे रोजगार गमावलेल्या माणसाचा संताप हा संघर्षाचा भाग होतो. रोजगाराचा मुद्दा चापेक यांच्या वेठीकडे परत नेणारा आहे, आणि तो योग्यच आला आहे. गीतेमुळे मात्र अनुकूलच्या कृतीला धर्माचे अधिष्ठान मिळते. कथेतला अनुकूल असे कोणतेही अधिष्ठान मागत नाही, आणि निकुंजबाबूही त्याला काही विचारत नाहीत.