किरणमात्रेचें गणित

सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा यवतमाळ जिल्ह्यांत पानठेल्यापानठेल्यावर मिळत आलेला आहे, आणि त्यापासून उद्भवणारा मुखाचा कर्करोगही तेथें नवा नाहीं. अशा रुग्णानें नागपूरची, सेवाग्रामची किंवा मुंबईची वाट धरावी, असा क्रम कित्येक वर्षें चालला. मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें तें १९४१ सालीं.

रोंटगेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधले व लवकरच त्यांची योजना उपचारांत होऊं लागली. परंतु हे किरण रोगट पेशींबरोबर निरोगी पेशींसही इजा करितात; म्हणून कोठें किती मात्रा पोंचेल, हें आधींच गणून ठेवणें प्राप्त होतें. प्रारंभीं पाण्याच्या टाकींत मोजलेल्या मात्रांचीं कोष्टकें हातानें जुळवून हें काम होई. मुखाच्या ठायीं मात्र हा हिशेब फसे. कारण तेथें हाड, मांस आणि हवेची पोकळी शेजारीं शेजारीं असतात.

१९४६ च्या सुमारास अमेरिकेंत उलाम व फॉन नॉयमन यांनीं 'माँटे कार्लो' रीति मांडली. फांसे टाकावे त्याप्रमाणें एकेका किरणकणाची प्रत्येक टक्कर गणावयाची व अशा कोट्यवधि कणांची बेरीज करावयाची. रीति अचूक खरी. पण साध्या संगणकास तीस तासचे तास लागत.

उपाय अनपेक्षित दिशेनें आला. खेळांचीं चित्रें झरझर रंगविण्यासाठीं केलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांत शेंकडों लहान गणकें एकाच वेळीं राबतात. २००७ सालीं एनव्हिडिया कंपनीच्या 'कुडा' प्रणालीमुळें तीं इतर गणितासही जुंपतां आलीं. किरणकणांचा प्रवास परस्परांवर अवलंबून नसल्यानें हें काम त्यांस मानवलें. २०११ सालीं सॅन डिएगो येथील संशोधकांनीं एका उपचारयोजनेची मात्रा ४० सेकंदांच्या आंत काढून दाखविली. अनेक गणकांस एका कामास लावण्याची हीच कल्पना पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, अकोला जिल्ह्यांत जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखालीं, १९९१ सालीं 'परम ८०००' मध्यें साधली होती.

या वेगाचें महत्त्व रुग्णशय्येशीं कळतें. किरणोपचार सहा-सात आठवडे चालतो; तेवढ्यांत रुग्ण कृश होतो, गांठ आकसते व पहिली योजना शरीरास बसेनाशी होते. नवी योजना तत्काळ आंखतां आली, तर लाळग्रंथि व मज्जारज्जु वांचविणें सुकर होतें. गणित अशा रीतीनें सेकंदांवर आलें. तोंडांतील पांढरा चट्टा दिसल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत जो काळ लोटतो, तो मात्र कोणतेंही यंत्र कमी करूं शकत नाहीं.