राजाश्रय ते मानधन

आष्ट्याहून सांगलीला जाणारा रस्ता जेथे पोचतो, तेथे मराठी नाटकाचा पहिला मोठा खर्च सरकारी खजिन्यातून झाला. (तंजावरच्या भोसल्यांची मराठी नाटके त्याआधीची, हे मान्य, पण ती महाराष्ट्रापर्यंत पोचली नाहीत.)

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला. अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना तसाच, पण अधिक नेटका खेळ मराठीत रचण्याची आज्ञा केली. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभे राहिले.

पण हा आश्रय एका व्यक्तीच्या मर्जीवर टिकून होता. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि दरबाराचे दार भाव्यांना बंद झाले. नाटक मंडळी घेऊन ते परगावी निघाले. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रय तुटला नसता, तर मराठी नाटकाला प्रेक्षकाच्या खिशाचा मार्ग इतक्या लवकर सापडला असता काय?

संस्थाने गेली. १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी शासकीय मानधन सुरू झाले. येथे राजाच्या मर्जीची जागा अर्ज आणि निवड समितीने घेतली. त्यातही पायऱ्या होत्याच: अलीकडे राष्ट्रीय पातळीवरील कलावंताला दरमहा ३१५० रुपये, राज्य पातळीवर २७००, आणि गावच्या जत्रेत आयुष्य घालवलेल्या स्थानिक कलावंताला २२५०. भूक मात्र तिघांची सारखीच! २०२४ मध्ये ही श्रेणी रद्द होऊन सर्वांना सरसकट ५००० रुपये ठरले.