एका खुणेचे दोन अर्थ : रिकामा संगणक वीज का खातो?

१/ संगणकासमोर कोणी नाही, पडदा काळा, एकही काम चालू नाही. तरीही सॉकेटला लावलेला वॅटमीटर अपेक्षेपेक्षा मोठा आकडा दाखवतो. संशय बहुधा मदरबोर्डवर खोचलेल्या एखाद्या कार्डावर जातो. २०११ साली मात्र हे कोडे लिनक्सच्या अनेक संगणकांवर एकदमच अवतरले. ते सोडवले गेले एका जुन्या खुणेचा अर्थ नव्याने लावून. 🧵

२/ १९९२ साली इंटेलने आणलेल्या पीसीआय पद्धतीत सगळी कार्डे एकाच सामायिक मार्गावरून बोलत. पुढे आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसने प्रत्येक कार्डाला स्वतंत्र, अतिवेगवान मार्ग दिला. त्याची किंमतही होती. दोन्ही टोकांचा मेळ टिकावा म्हणून, पाठवण्यासारखे काही नसतानाही या मार्गावर संकेत वाहत राहतात. रिकामा मार्गही जागाच असतो आणि जागरणाला वीज लागते.

३/ त्यावर उपाय म्हणजे एएसपीएम : काम नसताना मार्गाने झोपायचे, काम येताच जागे व्हायचे. अट एकच, दोन्ही टोकांची संमती हवी. कार्डाने नकार दिला की मार्ग जागा राहतो. अनेक यंत्रांत मार्ग जागा असेतो प्रोसेसरलाही गाढ झोप मिळत नाही. त्यामुळे एका लहानशा कार्डाचा भार साऱ्या यंत्रावर पडतो.

४/ काही कार्डे झोपेतून नीट उठत नसत आणि संगणक गोठून जाई. म्हणून बायोसला नकार नोंदवण्याची सोय मिळाली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ साली मांडलेल्या एसीपीआय या प्रमाणपद्धतीच्या तक्त्यात पुढे एका खुणेची भर पडली. तिचा आशय असा : या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिमने एएसपीएम चालू करू नये.

५/ पेच इथेच होता. काही बायोस ही खूण करत, पण स्वतः मात्र काही उपकरणांवर एएसपीएम आधीच चालू करून ठेवत. अशा वेळी ते बंद करायचे की त्याला हातच लावायचा नाही? लिनक्सचे विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी सावध अर्थ घेतला : नकार आहे, तर बंद करावे. मार्च २०११ मधल्या २.६.३८ या आवृत्तीत तो बदल आला.

६/ अनेक लॅपटॉपांची बॅटरी लवकर संपू लागली. एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू ११.०४ मध्येही हेच कर्नल होते. फोरॉनिक्सचे मायकेल लाराबेल यांनी विजेची मोजमापे घेत शोध चालवला. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या मधोमध चाचणी घ्यायची, दोषी अर्धा भाग ठेवायचा, तो पुन्हा निम्मा करायचा. या रीतीने दहा हजार बदलांतला एक सुमारे १४ चाचण्यांत सापडतो. जूनमध्ये बोट एएसपीएमवर येऊन थांबले.

७/ एएसपीएम सक्तीने चालू करण्याची सोय लिनक्समध्ये होतीच. तिने अनेकांची वीज वाचली. पण ज्या यंत्रांतला नकार खरोखर सदोष कार्डामुळे होता, तिथे संगणक गोठण्याचा धोका परत आला. सक्ती ही मलमपट्टी होती.

८/ खरा उलगडा एका दस्तऐवजातून झाला. विंडोज व्हिस्टा पीसीआय एक्स्प्रेसशी कशी वागते, हे सांगणारे मायक्रोसॉफ्टचे सादरीकरण गॅरेट यांनी वाचले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की बायोसने ताबा दिला नसेल, तर विंडोज त्याच्या मांडणीला स्पर्शच करत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी स्वतःचाच आधीचा अर्थ दुरुस्त केला. ती दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये ३.२.५ आणि मार्चमध्ये ३.३ या आवृत्तीतून लोकांपर्यंत पोहोचली.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रसंग ओळखीचा वाटावा. आज्ञापत्राचा अर्थ केवळ शब्दांवरून लागत नाही. ते लिहिणारे व पाळणारे त्याचा कसा व्यवहार करत, हेही पाहावे लागते. आजही रिकामा संगणक वीज खात असेल, तर क्रम तोच : कार्ड काढून मोजावे, लावून मोजावे, दोन्ही टोके झोपायला राजी आहेत का ते पाहावे, बायोसने काय ठरवले आहे ते वाचावे. सक्ती सर्वांत शेवटी.